कार्बनचा ताळेबंद : श्रीमंत देश, गरीब देश आणि वऱ्हाड

कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात भारत जगात तिसऱ्या क्रमांकावर असल्याचे दरवर्षी हवामान परिषदेच्या दिवसांत वाचायला मिळते. त्याच सुमारास भारताचे दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीच्या निम्म्याहूनही कमी असल्याची बातमीही छापून येते. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिल्या विधानावरून भारत आरोपीच्या पिंजऱ्यात दिसतो, तर दुसऱ्यावरून फिर्यादीच्या जागी. श्रीमंत आणि गरीब देशांतील उत्सर्जनाची तफावत समजून घ्यायची तर हिशेब कोणत्या मापाने केला, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी फार दूर जाण्याचीही गरज नाही. कापसाच्या व्यापारासाठी रेल्वेचे जंक्शन झालेले बडनेरा, कोळशावर चालणारी नांदगाव पेठ आणि पारस येथील वीज केंद्रे आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली वऱ्हाडातील कोरडवाहू शेती यांत या जागतिक वादाच्या जवळजवळ सर्व बाजू सापडतात.

वायू एकच, पण येतो कोठून?

कार्बन डायऑक्साइड हा निसर्गचक्राचाच एक भाग आहे. वऱ्हाडातील अनेक खेड्यांत कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या चुलीत जाळल्या जातात. त्यांतून बाहेर पडणारा कार्बन त्या झाडाने त्याच हंगामात हवेतून घेतलेला असतो आणि पुढच्या हंगामातील पीक तो पुन्हा शोषून घेते. त्यामुळे देशांच्या इंधनविषयक हिशेबात हा वायू मिळवला जात नाही. कोळसा, खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांची गोष्ट वेगळी आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीत गाडला गेलेला कार्बन ती जाळल्यावर हवेत येतो आणि चक्रात नव्याने भर पडते. सिमेंट तयार करताना चुनखडी भाजली जाते, तेव्हाही हा वायू निघतो. या लेखातील आकडे प्रामुख्याने खनिज इंधने आणि सिमेंट यांपुरते आहेत. जंगलतोडीतून होणारे उत्सर्जन त्यांत धरले, तर ब्राझील, इंडोनेशियासारख्या देशांचा वाटा वाढतो.

इंधन जळताना त्यातील कार्बनचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होतो, त्यामुळे एक टन कार्बनापासून सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू रंगहीन आणि गंधहीन आहे. शहरातील धूळ-धुराच्या प्रदूषणाशी त्याची गल्लत करू नये. तीन ते दहा लाख लोकसंख्येच्या शहरांच्या गटात २०२३ च्या 'स्वच्छ वायू सर्वेक्षणा'त अमरावती देशात पहिली आली. हा गौरव धूळ आणि सूक्ष्म कण आटोक्यात ठेवण्याच्या प्रयत्नांचा होता. कार्बन डायऑक्साइडचा त्या परीक्षेशी संबंध नव्हता.

धूळ चार दिवसांत खाली बसते, पावसाने धुऊनही जाते. कार्बन डायऑक्साइड मात्र जगभराच्या हवेत मिसळतो आणि त्याचा मोठा भाग शतकानुशतके तेथेच राहतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. हवाई बेटांवरील मौना लोआ येथे १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी नियमित मोजणी सुरू केली, तेव्हा ते प्रमाण सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या पुढे गेले आहे. वातावरणात आजवर साठलेल्या एकूण वायूशी तापमानवाढीचे प्रमाण बांधलेले असते. दर एक हजार अब्ज टन कार्बन डायऑक्साइडमागे पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे ०.४५ अंश सेल्सिअसने वाढते, असा आंतरसरकारी हवामान बदल मंडळाचा २०२१ च्या अहवालातील निष्कर्ष आहे. म्हणूनच उत्सर्जनाच्या वादात आजोबा-पणजोबांच्या काळातील धूरही मोजावा लागतो.

देशांची उतरंड

खनिज इंधनांमुळे जगात दरवर्षी सुमारे ३७ ते ३८ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. (एक अब्ज म्हणजे १०० कोटी.) २०२३ सालाचे चित्र स्थूलमानाने असे होते :

चीन : सुमारे ११.९ अब्ज टन. दरडोई सुमारे ८.४ टन
अमेरिका : सुमारे ४.९ अब्ज टन. दरडोई सुमारे १४.३ टन
भारत : सुमारे ३.१ अब्ज टन. दरडोई सुमारे २.१ टन
युरोपीय संघ : सुमारे २.५ अब्ज टन; दरडोई सुमारे ५.५ टन
जागतिक सरासरी : दरडोई सुमारे ४.७ टन

एकूण उत्सर्जनाच्या रकान्यात भारत अमेरिकेच्या पाठोपाठ दिसतो. दरडोई रकान्यात मात्र एका अमेरिकी नागरिकाच्या बरोबरीला जवळजवळ सात भारतीय उभे करावे लागतात. तेल आणि वायूच्या उत्पन्नावर जगणाऱ्या कतारसारख्या आखाती देशात हा आकडा ३५ टनांच्याही वर जातो. बांगलादेशात तो पाऊण टनाच्या आसपास आहे, तर काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात टनाच्या एक दशांशाइतकाही भरत नाही. जगाच्या लोकसंख्येपैकी १८ टक्क्यांच्या आसपास लोक आफ्रिका खंडात राहतात. त्या खंडाचा उत्सर्जनातील वाटा मात्र चार टक्क्यांच्या आत आहे. जागतिक बँक ज्यांना 'अल्प उत्पन्न' गटात धरते, त्या सर्व देशांचे उत्सर्जन एकत्र केले तरी ते जागतिक उत्सर्जनाच्या एक टक्काही होत नाही.

उत्पन्न वाढले की उत्सर्जन वाढते, हा सर्वसाधारण नियम या उतरंडीत दिसतो. तरी तो अटळ नाही. फ्रान्स आणि जर्मनी हे दोन्ही श्रीमंत देश. फ्रान्सची बहुतांश वीज अणुशक्तीतून येते, म्हणून तेथील दरडोई उत्सर्जन चार टनांच्या आसपास आहे. कोळशावर दीर्घकाळ विसंबलेल्या जर्मनीत ते सात टनांच्या घरात आहे. उलट चीन हा मध्यम उत्पन्नाचा देश असूनही दरडोई उत्सर्जनात त्याने युरोपीय संघाला केव्हाच मागे टाकले आहे. १९९० च्या सुमारास जगाची 'श्रीमंत' आणि 'गरीब' अशी जी सरळ वाटणी करता येत असे, ती आता तितकी सरळ राहिलेली नाही.

मँचेस्टरचा कोळसा, वऱ्हाडचा कापूस

एका वर्षाचे आकडे सोडून आजवरच्या एकूण बेरजेकडे वळले की क्रम पुन्हा बदलतो. औद्योगिक क्रांतीपासून २०२२ अखेरपर्यंत खनिज इंधनांतून सुमारे १,७७० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. त्यात अमेरिकेचा वाटा सुमारे २४ टक्के, आजच्या युरोपीय संघाच्या २७ देशांचा सुमारे १७ टक्के आणि चीनचा सुमारे १५ टक्के आहे. भारताचा वाटा तीन-साडेतीन टक्के भरतो. सुमारे सात कोटी लोकसंख्येच्या ब्रिटनने आजवर सुमारे ७९ अब्ज टन वायू हवेत सोडला. त्याच्या वीसपटीहून अधिक लोकसंख्या असलेल्या भारताची बेरीज तोवर ६० अब्ज टनांच्या आसपास होती.

या तफावतीचा इतिहास वऱ्हाडच्या काळ्या मातीतून जातो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले. तेथून लँकेशायरच्या गिरण्यांना जाणारा कापूस थांबला आणि इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाडावर स्थिरावली. निजामाकडून १८५३ मध्ये कंपनी सरकारच्या हाती आलेला हा प्रदेश कापसासाठी प्रसिद्ध होताच. पूर्वी येथील कापूस बैलांच्या तांड्यांवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे भुसावळहून बडनेऱ्यावरून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली आणि १८७१ मध्ये बडनेऱ्यापासून अमरावतीच्या कापूस बाजारापर्यंत फाटा टाकण्यात आला. ठिकठिकाणी जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सरकी काढलेल्या रुईच्या गाठी बडनेरा जंक्शनवरून मुंबई बंदराकडे आणि तेथून इंग्लंडकडे जाऊ लागल्या.

या गाठींचे कापड जेथे विणले जाई, तेथील चरखे आणि माग कोळशाच्या वाफेवर चालत. कारखाना, मजुरी, नफा आणि धूर हे सारे मँचेस्टरच्या परिसरात जमा झाले. नफ्यातून रस्ते, शाळा, रुग्णालये आणि पुढचे उद्योग उभे राहिले. धूर मात्र साऱ्या जगाच्या हवेत मिसळला. वऱ्हाडाच्या वाट्याला आला तो कच्च्या मालाचा भाव, आणि तोही दूरच्या बाजारात ठरणारा. अमेरिकेतील युद्ध संपताच भाव कोसळले आणि त्याची झळ येथील शेतकऱ्याला बसली. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी 'शकुंतला' ही अरुंद मार्गाची रेल्वेदेखील कापसासाठीच सुरू झाली. तिचे मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. युरोपने वाफेचे युग मागे टाकून कित्येक वर्षे लोटली, तरी वऱ्हाडाच्या एका कोपऱ्यात ते रेंगाळत राहिले, इतके हे अंतर मोठे होते.

श्रीमंत देशांकडून यावर एक युक्तिवाद केला जातो. आमच्या पूर्वजांना या वायूचे दुष्परिणाम ठाऊक नव्हते, तेव्हा त्यांच्या धुराचा जाब आम्हाला विचारू नये, असा तो आहे. स्वीडनचे शास्त्रज्ञ स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८९६ मध्येच कोळशाच्या धुरामुळे पृथ्वी तापेल असे गणित मांडले होते, पण ते विद्वानांपुरते राहिले, हे मान्य करायला हवे. मात्र आजवरच्या एकूण उत्सर्जनापैकी निम्म्याहून अधिक वायू १९९० नंतर, म्हणजे धोक्याची जाहीर जाणीव झाल्यानंतर हवेत गेला आहे. हे तथ्य श्रीमंत देशांच्या युक्तिवादाला छेद देते, आणि चीनच्या बचावालाही. कारण चीनचे बहुतेक उत्सर्जन याच काळातील आहे.

धूर येथे, वीज तेथे

उत्सर्जन कोणाच्या नावावर लिहायचे, हा यातील आणखी एक अवघड प्रश्न आहे. आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार वायू ज्या देशाच्या हद्दीत बाहेर पडतो, त्या देशाच्या खात्यावर तो जमा होतो. अमरावतीकरांना यातील अडचण नकाशा न पाहताही कळू शकेल.

नांदगाव पेठच्या औद्योगिक वसाहतीत १,३५० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याचे २७० मेगावॉटचे पाच संच २०१३ ते २०१५ या काळात कार्यान्वित झाले. कोळशावरील एक युनिट विजेमागे सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. हे केंद्र वर्षभर सरासरी ७० टक्के क्षमतेने चालले असे गृहीत धरले, तर सुमारे ८०० कोटी युनिट वीज आणि जवळपास ८० लाख टन वायू तयार होईल. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती. हा सारा वायू जिल्ह्यातील माणसांच्या नावावर टाकला, तर प्रत्येकाच्या खात्यावर पावणेतीन टन चढतात, म्हणजे एका केंद्रापायी देशाच्या सरासरीहून अधिक. मेळघाटातील कोरकू कुटुंब आणि अमरावतीच्या कॅम्प भागातील बंगला हे दोघेही या हिशेबात सारखेच 'प्रदूषक' ठरतील. प्रत्यक्षात येथील वीज राज्याच्या जाळ्यात जाते. तिच्यावर पुण्याचे संगणक चालतात, ठाण्याचे वातानुकूलित मॉल चालतात आणि वऱ्हाडातील कृषिपंपही चालतात. अकोला जिल्ह्यातील पारसच्या २५० मेगावॉटच्या दोन संचांचे, तसेच चंद्रपूर आणि कोराडी येथील केंद्रांचेही हेच आहे. वर्धा खोऱ्यातील खाणींचा कोळसा बडनेरा स्थानक ओलांडून भुसावळ आणि नाशिकजवळील एकलहरे येथील केंद्रांकडे जातो. विदर्भाने राख सोसायची आणि उजेड राज्यभर वाटायचा, ही येथील जुनी तक्रार आहे. नांदगाव पेठच्या केंद्राला अप्पर वर्धा धरणाचे पाणी देण्यावरून सिंचनाच्या हक्काचा वाद उभा राहिला होता, त्यामागेही हीच भावना होती.

हीच तक्रार आता जगाच्या पातळीवर न्यावी. युरोप-अमेरिकेत विकला जाणारा सदरा, पोलादाची पट्टी किंवा भ्रमणध्वनी संच चीन, बांगलादेश, व्हिएतनाम किंवा भारतात तयार होतो. वस्तू तिकडे जाते आणि तिच्या निर्मितीचा धूर निर्यातदार देशाच्या खात्यावर राहतो. वस्तू वापरणाऱ्या देशाच्या नावावर धूर लिहिला, तर ब्रिटनचे उत्सर्जन हद्दीतील आकड्याच्या दीडपटीच्या आसपास जाते. चीनचे सुमारे एक दशांशाने आणि भारताचे काही टक्क्यांनी कमी होते. ब्रिटनने सप्टेंबर २०२४ मध्ये कोळशावरील आपले शेवटचे वीज केंद्र बंद केले. १८८२ मध्ये लंडनमध्ये कोळशापासून सार्वजनिक वीजपुरवठा सुरू करणाऱ्या देशाने टाकलेले हे पाऊल मोठेच आहे. तेथील जड उद्योगांचा बराच भाग त्याआधी आशियात गेला होता, ही बाबही त्यासोबत लक्षात ठेवावी.

विदर्भासाठी हा मुद्दा पुढील काळात अधिक महत्त्वाचा ठरेल. नांदगाव पेठ येथे 'पीएम मित्र' वस्त्रोद्योग उद्यान उभारण्याची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. दीडशे वर्षे कच्ची रुई बाहेर पाठवणाऱ्या प्रदेशात सूत, कापड आणि तयार कपडे बनावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु कापड येथे तयार झाले की त्याचा धूरही येथेच मोजला जाईल. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते इत्यादी आयात मालाच्या कार्बनवर सीमाशुल्कासारखा आकार बसवला असून त्याचा प्रत्यक्ष आर्थिक टप्पा जानेवारी २०२६ पासून सुरू झाला. या पहिल्या यादीत कापड नाही. मात्र ज्या गिरण्यांची पूर्वपिढी लँकेशायरमध्ये कोणत्याही कराविना कोळसा जाळत होती, त्यांच्या वारसदार उद्योगांना वऱ्हाडात वेगळ्या नियमांनी खेळावे लागेल, याची ही चाहूल आहे.

वाटाघाटींची तीन दशके

वॉशिंग्टनमधील एका संशोधन संस्थेने १९९० मध्ये तापमानवाढीस जबाबदार देशांची यादी काढली. तिच्यात भारत आणि चीन वरच्या पाचांत होते. दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायरन्मेंट'चे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये या मांडणीचे खंडन करणारी पुस्तिका लिहिली. भाताच्या शेतातून आणि गरिबाच्या गाईगुरांतून निघणारा वायू जगण्यासाठीचा आहे, तर चैनीच्या मोटारींतून निघणारा चैनीसाठीचा. दोन्ही एकाच तागडीत तोलता येणार नाहीत आणि वातावरणावर प्रत्येक माणसाचा समान हक्क आहे, असा त्यांचा मुद्दा होता. भारताच्या अधिकृत भूमिकेवर पुढे या विचाराचा खोल ठसा उमटला.

रिओ दि जानेरो येथील १९९२ च्या वसुंधरा परिषदेत संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक करार झाला. 'समान, परंतु भिन्न जबाबदारी' हे तत्त्व त्यात मान्य झाले. पृथ्वी सर्वांची, म्हणून जबाबदारी सर्वांची. पण ज्याने अधिक धूर सोडला आणि ज्याची ऐपत अधिक, त्याने आधी आणि जास्त करावे, असा त्याचा अर्थ. डिसेंबर १९९७ मध्ये स्वीकारलेल्या क्योटो मसुद्याने औद्योगिक देशांवर १९९० च्या तुलनेत सरासरी सुमारे पाच टक्के कपातीचे बंधन घातले. विकसनशील देशांना त्यातून सूट होती. नेमके याच सवलतीवर बोट ठेवून अमेरिकी सिनेटने जुलै १९९७ मध्येच ९५ विरुद्ध शून्य मतांनी आपला विरोध नोंदवला होता. अमेरिकेने मसुद्याला कधीही मान्यता दिली नाही. तो फेब्रुवारी २००५ मध्ये अमलात आला आणि २०११ मध्ये कॅनडानेही त्यातून अंग काढून घेतले.

जर्मनीतील हाइलिगेनडाम येथे २००७ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांनी भारताचे दरडोई उत्सर्जन कधीही विकसित देशांच्या पुढे जाणार नाही, अशी ग्वाही दिली. २०१५ च्या पॅरिस कराराने चौकट बदलली. आता प्रत्येक देश आपले उद्दिष्ट स्वतः ठरवतो. भारताने २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे ध्येय २०२१ मध्ये ग्लासगोत जाहीर केले. विजेच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनांखेरीज अन्य स्रोतांची करण्याचे २०३० चे लक्ष्य २०२५ मध्येच गाठले गेले. प्रत्यक्ष निर्माण होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा आहे. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्यांदा पॅरिस करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली.

पैशाच्या आघाडीवर अविश्वास अधिक आहे. श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगन येथे गरीब देशांना २०२० पर्यंत दरवर्षी १०० अब्ज डॉलर उभे करून देण्याचे मान्य केले. हा टप्पा २०२२ मध्ये, दोन वर्षे उशिरा गाठला गेला आणि त्यातील मोठा भाग कर्जाच्या रूपात होता. हवामानाच्या आपत्तींची भरपाई करणाऱ्या निधीचा निर्णय २०२२ मध्ये शर्म अल-शेख येथे झाला. बाकू येथे २०२४ मध्ये २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचे उद्दिष्ट ठरले, तेव्हा ते अपुरे असल्याचे सांगत भारताने भर सभागृहात आक्षेप नोंदवला. जुलै २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपल्या सल्लागारी मतात हवामानाचे रक्षण हे देशांचे कायदेशीर कर्तव्य असल्याचे म्हटले. हा प्रश्न न्यायालयापर्यंत नेण्यात प्रशांत महासागरातील वानुआतू या चिमुकल्या देशाने पुढाकार घेतला होता.

गरिबांच्या आड

दरडोई सरासरी हे भारताचे सर्वांत भक्कम हत्यार. पण सरासरीच्या पोटात बरेच काही लपते. 'ग्रीनपीस इंडिया'ने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाचे शीर्षकच 'गरिबांच्या आड लपताना' अशा अर्थाचे होते. कोट्यवधी गरिबांच्या अल्प वापरामुळे देशाची सरासरी खाली राहते आणि त्या आडोशाने सुखवस्तू भारतीय युरोपीय माणसासारखा वापर करतो, हे त्याचे म्हणणे होते. जगाच्या पातळीवरही असेच चित्र आहे. 'ऑक्सफॅम'च्या २०२३ मधील अहवालानुसार २०१९ साली जगातील सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांचे उत्सर्जन १६ टक्के होते, म्हणजे सर्वांत गरीब दोन तृतीयांश लोकांच्या एकत्रित उत्सर्जनाइतके.

शहरी वाचकाला आपले स्थान कागद-पेन्सिलीने तपासता येईल. देशाच्या वीजजाळ्यातील एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो, एक लिटर पेट्रोलमागे सुमारे २.३ किलो आणि घरगुती गॅसच्या एका सिलिंडरमागे सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड धरावा. महिन्याला २०० युनिट वीज, वर्षाला दहा सिलिंडर आणि दुचाकीसाठी महिन्याला २० लिटर पेट्रोल वापरणाऱ्या चौघांच्या कुटुंबाची वर्षाची बेरीज सुमारे २,६५० किलो होते. माणशी हे पाऊण टनाच्या आत आहे. अन्नधान्य, कपडे, घराचे सिमेंट यांचा भार त्यावर वेगळा. या कुटुंबाने महिन्याला ६० लिटर पेट्रोल पिणारी मोटार घेतली की एका झटक्यात १,६५० किलोंची भर पडते. मुलाला भेटण्यासाठी अमेरिकेची एक वारी केली, तर मोजण्याच्या पद्धतीनुसार प्रत्येक प्रवाशामागे एक ते दोन टन वाढतात. सामान्य भारतीयाच्या जवळजवळ वर्षभराच्या उत्सर्जनाइतका हा आकडा असू शकतो. तिकडे त्या मुलाच्या दारातील सर्वसाधारण मोटार वर्षाला सुमारे ४.६ टन वायू सोडते. म्हणजे दोन भारतीयांचे सर्व मिळून होणारे उत्सर्जन एका अमेरिकी मोटारीच्या नळीतून निघते.

झळ कोणाला?

या ताळेबंदाची दुसरी बाजू नुकसानीची आहे. पृथ्वी तापली म्हणजे सर्वांना सारखाच त्रास होतो असे नाही. २०२४ हे तोवर नोंदलेले सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्या वर्षाचे सरासरी जागतिक तापमान औद्योगिक काळापूर्वीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक होते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्हा प्रशासनाला कलम १४४ लागू करावे लागले. कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय करणे आस्थापनांना बंधनकारक करण्यात आले. एरवी दंगलीच्या भीतीने लागू होणारे कलम उन्हासाठी लागू व्हावे, हे पुरेसे बोलके आहे. वऱ्हाडचा उन्हाळा पूर्वीही कडकच होता आणि प्रत्येक लाट एकट्या कार्बनच्या माथी मारता येत नाही. परंतु तापलेल्या वातावरणात अशा लाटा अधिक वेळा आणि अधिक तीव्रतेने येतात, याविषयी शास्त्रज्ञांत आता दुमत नाही.

वातानुकूलित खोलीत बसणाऱ्याला दोन अंशांची वाढ वीजबिलात दिसते. भरउन्हात निंदणाऱ्या शेतमजूर स्त्रीला ती अंगावर घ्यावी लागते. वऱ्हाडातील बहुतेक कापूस, सोयाबीन आणि तूर कोरडवाहू आहे. पेरणीनंतर पावसाने दीर्घ दडी मारली तर दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. वेचणीच्या दिवसांत अवकाळी पाऊस आला तर बोंडातील कापूस भिजतो आणि भाव पडतो. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागांत बहराच्या वेळी तापमान चढले की फळगळ होते. शेतकरी आत्महत्यांच्या कारणांत कर्ज, भाव आणि धोरण यांचा वाटा मोठा आहेच. बेभरवशाचे हवामान त्या ओझ्यात भर घालते. ज्या शेतकऱ्याच्या नावावर एक कृषिपंप, एखादी दुचाकी आणि युरियाच्या काही गोण्या एवढाच कार्बन आहे, तो या बदलाला सर्वांआधी तोंड देतो. एकूण, दरडोई, संचित किंवा वापराधारित यांपैकी कोणतेही माप लावले तरी तो यादीच्या तळाशीच राहतो.

बातमी वाचताना

उत्सर्जनाचा आकडा पुढ्यात आला की चार प्रश्न विचारावेत. आकडा एकूण आहे की दरडोई? एका वर्षाचा आहे की आजवरच्या बेरजेचा? वायू जेथे निघाला तेथे मोजला आहे, की वस्तू जेथे वापरली तेथे? आणि सरासरीमागे कोणाचा वापर झाकला गेला आहे? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बहुधा भारताच्या बाजूने येतात आणि आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर ती ठामपणे मांडलीच पाहिजेत. चौथ्या प्रश्नाचे उत्तर देशातल्या देशात द्यावे लागते. परदेशातून हवामान निधी आला, तर तो अकोल्याच्या शेतमजुराच्या सावलीपर्यंत, पारसजवळच्या गावातील पिण्याच्या पाण्यापर्यंत आणि कोरडवाहू शेतातील शेततळ्यापर्यंत पोहोचेल का? औष्णिक केंद्रे टप्प्याटप्प्याने बंद होतील, तेव्हा तेथील कामगारांची सोय कोण लावेल? जगाकडे न्याय मागणाऱ्या देशाला या प्रश्नांची उत्तरे तयार ठेवावी लागतील, कारण बाकू आणि ग्लासगोच्या सभागृहांत भारत जो दावा करतो, तोच दावा वऱ्हाड मुंबईकडे आणि मेळघाट अमरावतीकडे करू शकतो.